खारा मासा

मिठागरावरून सुटल्यावर पुतळी गडबच्या नाक्यावर गेली, सुनेसाठी तापाच्या गोळ्या घेतल्या आणि घराकडे वळली. दिवसभर मीठ ओढून जीव मेटाकुटीला आला होता. जरा पाठ टेकावी म्हटलं, तर दारात चपलांचा ढीग. प्रार्थनेला माणसं जमलेली. आता देवाच्या कामात कुरकुर तरी कुणाकडे करायची!

सून भूमिका भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा साहिल, पुतळीचा एकुलता एक मुलगा, गेल्या पावसाळ्यात खाडीत गेला तो परतलाच नाही. आणि आता आठवडाभर, दिवेलागणीची प्रार्थना सुरू झाली की भूमिकेच्या तोंडून तो बोलत होता.

"आये..." आवाज थेट साहिलचा. "मला प्रभूनं धाडलंय. उद्या भरतीला हिला खाडीवर आन. मीच हिला बाप्तिस्मा देतो... खोल पान्यात."

जनू पास्टर रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आज मुद्दाम आले होते. आत्मा खरा की खोटा हे पारखायला त्यांनी विचारलं, "येशू देह घेऊन आला, मानतोस?"

"व्हय. मानतो."

"आत्मा खरा हाय," पास्टर डोळे पुसत म्हणाले. "उद्या नेऊया हिला."

पुतळीला हे पटेना. अहो, हा प्रश्न आणि हे उत्तर पास्टर दर रविवारी सगळ्यांकडून घोकून घेत. एव्हाना घराच्या भिंतींनाही पाठ झालं असेल! आणि भूमिकेला पोहता येत नव्हतं. पण आवाज पोराचा होता. तो ऐकायलाच पुतळी रोज पाय ओढत घरी येत होती, खोटं कशाला बोला?

ती उठली. चुलीत खारा मासा भाजला आणि ताटली भूमिकेपुढे सरकवली.

"आमचा प्रभू मेलेल्यातून उठला नि त्यानं भाजलेला मासा खाल्ला. तू त्याचा असशील तर खा, बाला."

चुलीच्या धुराला खाडीतल्या चिखलाचा वास येऊ लागला.

"भूक नाय... आये."

खाऱ्या माशाला साहिल जन्मात कधी नको म्हणाला नव्हता. हा आपला पोर नव्हे, पुतळीनं मनाशी ठरवलं.

"येशूच्या नावानं सांगते, माझ्या सुनंला सोड. जा."

"आये... भायेर लय काळोख हाय गो..."

"जा!"

भूमिका कोसळली, आणि थोड्या वेळानं शांत झोपली. कपाळ गार लागत होतं. पास्टर मान खाली घालून निघाले. खाडीचं नाव कुणी काढलं नाही.

पुतळीच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. ताटली तशीच होती, माशाला कुणी बोटही लावलं नव्हतं. तिनं एक तुकडा तोंडात टाकला, आणि चावता चावता थांबली. अळणी. तिनंच स्वतःच्या हातानं मिठात मुरवलेला मासा. दुसरा तुकडा घेतला, तोही तसाच.

मेलेलं माणूस घासाला हात लावत नाही, नुसती चव घेऊन जातं, असं गावातली म्हातारी माणसं सांगत. म्हणजे त्यानं... खाल्लं होतं?

"साहिल?" ती दाराकडे बघत हळूच म्हणाली.

बाहेर नुसता काळोख. डोळ्यांतलं पाणी ओघळून तिच्या ओठांवर आलं. तेही अळणी होतं.