जोडून न दिलेला फोटो

तो दुकानात आला तेव्हा मी एका नवरदेवाच्या टकलावर ब्रशने केस रंगवत होते. फोटो कात्रीने कापून डिंकाने जोडायचे ते दिवस. माझा हात असा, की सांधा शोधून दाखवा म्हणायचे मी!

त्याने दोन फोटो पुढे केले. एकात त्याची बायको, वारून वर्ष झालेली. दुसऱ्यात तान्हं बाळ.

"हे बाळ हिच्या कुशीत द्यायचंय. मुलीच्या शाळेने तान्हेपणीचा फोटो मागितलाय."

"हीच ना मुलगी?"

"भाचा आहे," तो ओशाळला. "मुलगी दत्तक घेतली... तेव्हाच दीड वर्षाची होती. आधीचा फोटोच नाही. आणि तान्ही बाळं काय, सगळी सारखीच!"

"उचला दोन्ही."

"अहो, पण टक्कल झाकताच ना तुम्ही?"

"टक्कल झाकते. आई चिकटवत नाही."

मला एकोणिसाव्या वर्षी कळलं होतं, आत्याच्या तोंडून, भर भांडणात. दत्तक असल्याचा राग नाही आला. घरातल्या एकूण एक माणसाने एवढी वर्षं तोंड दाबून धरलं, त्याचा आला. 'लहान आहे, तिला काय कळतंय' म्हणणाऱ्यांच्या आजही कानाखाली द्यावीशी वाटते. हे सगळं मी त्याला तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो परत हजर. "शाळेत दीड वर्षाचाच फोटो दिला. पण तिला सांगू कसं? माझी दातखीळ बसते."

मग आठवडाभर, रोज दुपारी सराव. मी मुलगी, तो बाप.

"बाबा, मी आईच्या पोटात होते?"

"तू... म्हणजे, देवाने आम्हाला—"

"देवाला मध्ये घालू नका. पुन्हा."

"पाच वर्षांच्या पोरीचा एवढा धाक नसतो हो!"

"बापही एवढा टक लावून बघत नसतो."

त्याचे कान लाल झाले... माझेही. किती लवकर संपायच्या त्या दुपारी!

आणि एक दिवस तो तिला घेऊनच आला. माझ्या स्टुलावर बसवून एका दमात म्हणाला, "तू दुसऱ्या एका बाईच्या पोटात होतीस. तिला तुला सांभाळता आलं नाही. दीड वर्षाची झालीस, तेव्हा मी आणि आई तुला घ्यायला आलो."

ती विचारात पडली. "एवढा उशीर का केलात?"

याचा सराव आम्ही केलाच नव्हता.

"तू कुठे आहेस तेच माहीत नव्हतं गं," त्याचा आवाज चिरकला. "कळलं, त्याच दिवशी निघालो."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्या कडेवर चढून शर्टाचं बटण फिरवत बसली. झालं! एवढ्यासाठी माणसं जन्मभर खोटं बोलतात.

तिच्या डोक्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि तुमच्याकडे यायला... आम्हाला फार उशीर झालाय का?"

हात डिंकाने माखलेले, डोळे पुसता येईनात.

"झालाय," मी म्हटलं. "पण या."