तिसऱ्या पेटीतली टिचकी

दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं कधीकधी श्वास घ्यायलाच विसरतात. मॉनिटर कोकलतो, सिस्टर काचपेटीच्या खिडकीतून हात घालते आणि तळपायावर हलकीशी टिचकी मारते. बाळ दचकतं, श्वास घेतं. मग तक्त्यावर लिहायचं, टिचकी मारावी लागली की बाळ आपोआप सावरलं. मोठ्या सिस्टरची यात हयात गेली होती. तिचा नवरा म्हणायचा, घोरता घोरता तूही मध्येच श्वास घ्यायला विसरतेस, बाळांची संगत लागली तुला.

तिसऱ्या पेटीतलं बाळ आठवडाभर 'आपोआप' सावरत होतं. सगळ्या नोंदी नव्या सिस्टरच्या. पण दर वेळी बाळाच्या डाव्या तळव्यावर मुगाएवढा लाल ठिपका दिसायचा. आपोआप सावरणाऱ्या बाळाला टिचकी मारतं कोण? पोरगी कामाला वाघ, पण लिहिताना थापा मारते, असं मोठ्या सिस्टरच्या मनाने घेतलं. त्या नोंदींच्या भरवशावर डॉक्टर दुसऱ्या दिवशी बाळाचं श्वासाचं औषध बंद करणार होते. नोंद खोटी असली तर बाळ घरी जाऊन झोपेतच जायचं.

तिने पोरीला बाजूला घेऊन खडसावलं.

"ताई, मी हात घालायच्या आतच ते श्वास घेतं."

"मग ठिपका काय आभाळातून पडतो?"

पोरगी म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हीच येऊन मारून जाता."

वर तोंड करून बोलते, म्हणून मोठ्या सिस्टरने तिला त्याच दिवशी ओपीडीत धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती स्वतः त्या पेटीपाशी स्टूल टाकून बसली. बारा वाजून गेले. खोलीत लख्ख ऊन होतं. दुसरी सिस्टर पलीकडच्या कोपऱ्यात पाठमोरी, एका बाळाला नळीने दूध देत होती.

मॉनिटर कोकलला. छाती हलेना. ओठ निळसर पडू लागले. मोठ्या सिस्टरने पेटीच्या खिडकीला हात घातला.

चारही खिडक्या बंद होत्या.

बाळाचा डावा पाय झटकन आखडला. तिच्या डोळ्यांदेखत तळव्यावर ठिपका उमटला. बाळाने श्वास घेतला आणि ते बारीक रडलं.

ती उठली आणि डॉक्टरांना गाठून म्हणाली, औषध चालू ठेवा, कारण मला विचारू नका. एवढ्या वर्षांत तिने असं कधी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकलं. नव्या सिस्टरला तिने परत बोलावलं, सगळ्यांसमोर माफी मागितली. पोरीशी अन्यायाने वागले याची तिला मनापासून लाज वाटली.

मग विश्रांतीच्या खोलीत आतून कडी लावून ती जरा आडवी झाली. पाय भरून आले होते. लगेच डोळा लागला.

जाग आली ती दचकून. ती बुडता बुडता वर आल्यासारखी धापा टाकत होती.

दाराची कडी तशीच होती.

डावा तळपाय चुणचुणत होता. तिने मोजा काढला. मुगाएवढा लाल ठिपका होता, अजून ताजा.