बैठकीखालची पोकळी

फायबरचं काम करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते: थर्माकोलवर थेट रेझिन ओतायचं नाही. रेझिन थर्माकोल खाऊन टाकतं. आधी प्लास्टिक गुंडाळायचं, मग ओतायचं. कळमना बाजाराच्या मागच्या बाजूला माझं शेड आहे. बावीस वर्षं मी तिथे पाण्याच्या टाक्या, बाथरूमची दारं आणि वर्षाकाठी दोन-तीन मासेमारीच्या बोटी बनवतो. त्यामुळे मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एप्रिलमध्ये सिंधूवहिनी लहानूची बोट घेऊन आल्या. लहानू त्यांचा नवरा. पारशिवनीच्या पुढे जलाशयात मासे धरायचा, दोन वर्षांपूर्वी तिथेच बुडाला. बोट माझ्याच हातची होती.

"काठ वीतभर उंच करा, भाऊ, अन् मागची फळी मोटर बसंल अशी जाड करा. आता मीच जाणार आहो पाण्यात. मच्छीमार संस्थेनं माह्यं नाव चढवलं."

"तुम्ही? एकट्या?"

"मंग कोण जाईन? तुम्ही बनवली, म्हणून तुमच्याचकडं आणली. दुसऱ्यावर भरोसा नाही ना मले."

मी टेप शोधायच्या निमित्तानं आत गेलो. टेप खिशातच होता.

बोटीच्या मधल्या बैठकीखाली एक बंद खाना असतो. त्यात थर्माकोल ठासून भरतात. बोट फुटली, पाण्यानं भरली, तरी ती पूर्ण बुडत नाही आणि माणसाला धरायला काहीतरी राहतं. लहानूच्या बोटीच्या दिवशी प्लास्टिक संपलं होतं आणि ते आणायला जायचा मी कंटाळा केला. एवढंच कारण. रेझिन ओतलं तसा आतून चर्र आवाज आला. धोंडबा, माझा जुना कारागीर, वाकून ऐकत म्हणाला, "खाऊन राहिलं गा ते." मी म्हटलं, लाव झाकण.

बोट न्यायला आला तेव्हा लहानूनं बैठकीवर नाणं वाजवलं. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, जाळ्याच्या दोरात तुटलेलं. टण, टण, टण.

"पोकळ वाजते, भाऊ. काहून?"

"हवा भरली आहे आत," मी म्हणालो. "म्हणून तर तरंगते."

तो खूश झाला. पुढे रोज सकाळी बोट पाण्यात ढकलायच्या आधी तो तीनदा नाणं वाजवायचा, हवा आहे ना पाहायला. हे वहिनींनीच मला सांगितलं, त्याच्या तेराव्याला. बोट पाण्याखालच्या खुंटाला लागली होती, खाना फुटला होता, आणि धरायला काही उरलं नव्हतं. पंगतीत लोक कुजबुजत होते की पिऊन असेल. लहानू सुपारीसुद्धा खात नसे. तरी मी भात कालवत म्हणालो, "मी सांगतलं होतं त्याले, पिऊन पाण्यात नको जात जाऊ." कुणी मला विचारलं नव्हतं. अजूनही ते वाक्य आठवलं की कान तापतात आणि मी एकटा असलो तरी मान खाली जाते.

बोट टायरांवर ठेवून घासायला घेतली. खुंटानं फुटलेली जागा गावात कुणीतरी डांबरानं बुजवली होती. पहिल्या दुपारी मधल्या बैठकीखाली जमिनीवर ताटाएवढी ओल दिसली. कूलरचं पाणी असेल म्हणून पुसली. दुसऱ्या दुपारी कूलर बंद होता, ओल परातीएवढी होती. बाहेर पारा चव्वेचाळीसला, बाजारात मिरचीची आवक चालू. सगळ्या शेडमध्ये भिवापुरी मिरचीचा ठसका भरलेला. बोटीजवळ मात्र ठसका लागत नव्हता. तिथे शेवाळाचा वास होता आणि गारवा होता. धोंडबा जेवायचा डबा घेऊन तिथे बसायचा, तो उठून दाराशी उन्हात जाऊन बसायला लागला.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज निघेना. शेजारच्यांनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, मिरची लागली.

सोमवारी काठ चढवून झाले. मागची फळी जाड केली. मधल्या बैठकीला मी हात लावला नव्हता. धोंडब्यानंच नाणं काढलं आणि वाजवलं.

थप. थप. थप.

"भरीव वाजते," तो म्हणाला. "कोणं भरलं गा हे?"

"कोणीच नाही."

"मंग?"

मी वाजवून पाहिलं. थप, थप, थप. भरलेला खाना असाच वाजतो. नाणं खिशात टाकून आम्ही वळलो. दोन पावलं गेलो असू.

मागून आवाज आला. तीनदा. आतून.

धोंडब्यानं डबा उचलला, चपला घातल्या. "तेव्हाच उघडाले पाह्यजे होतं," एवढंच म्हणाला आणि भर दुपारी घरी निघून गेला.

मी ग्राइंडर लावला. पाणी उसळेल म्हणून पाय लांब ठेवले होते. झाकण कापून उचललं.

आत पाणी नव्हतं. ओलसुद्धा नव्हती. खाना कोरडा ठणठणीत, रिकामा, कोपऱ्यात विरघळलेल्या थर्माकोलचा पिवळा गोळा.

झाकण उलटं केलं.

आतल्या बाजूला, रेझिनमध्ये, पंजाचा ठसा होता. खालून वर रेटलेला. मधलं बोट अर्धं.

रेझिन अर्ध्या तासात वाळतं. हे वाळलं त्या दिवशी लहानू जिवंत होता, आपल्या गावी होता.

ते झाकण मी ड्रमांच्या मागे टाकलं आणि वर पोतं घातलं. मग दोन दिवस एकट्यानं काम केलं. थर्माकोलचा एकेक तुकडा प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून खाना ठासला, नवं झाकण बसवलं. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं. ओल थांबली. मला वाटलं, फिटलं.

गुरुवारी दुपारी वहिनी आल्या. उंच काठांवरून हात फिरवला, समाधान दिसलं. मग कनवटीचं नाणं काढून त्यांनी बैठक वाजवली. थप, थप, थप.

"आधी टणटण वाजे. हे असं काहून?"

"मजबूत केली," मी म्हणालो.

त्या नाणं मुठीत धरून म्हणाल्या, "एक विचारू, भाऊ? तुम्ही तेराव्याले म्हणाले होते. ते खरंच पेत होते काय? मले कधी वास आला नाही. दोन वर्सं झाले, लोकं तोंडावर म्हणतात. माह्यं मनच धजत नाही मानाले. तुम्ही नाही म्हणा, मी साऱ्या गावाले सांगतो."

एका शब्दाचं काम होतं. तो 'नाही' जिभेवर आला होता. पण त्याच्यामागून बाकीचं सगळं आलं असतं: प्लास्टिक, कंटाळा, चर्र आवाज, हवा.

"जाऊ द्या, वहिनी," मी म्हणालो. "गेलेल्या माणसाचं काय काढता आता."

त्यांनी ते होकारासारखं ऐकलं. मान हलवली, पदर सावरला. चार माणसांनी बोट गाडीवर चढवली. जाताना त्या मला हात जोडून गेल्या.

गाडी वळणाआड गेल्यावर मला शेडमध्ये उभंच राहवेना, इतकी लाज वाटली. ते झाकण तरी फोडून टाकावं म्हणून हातोडा घेतला, ड्रमांच्या मागचं पोतं ओढलं.

पंजाचा ठसा तिथेच होता. पाचही बोटं पुरी होती. अंगठ्याखाली एक आडवी रेघ होती. ग्राइंडरनं कापल्याचा असाच व्रण माझ्या हाताला आहे.

मी हात ठेवून पाहिला. बरोबर बसला.

रेझिन ओलं होतं.