पापड्यांचा पुरावा

"मी नागपूरला जाणार नाही! बिलकुल नाही!" सुखदाने बॅग पलंगाखाली ढकलली आणि तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

पाडव्यापासून तिला सारखी धाप लागत होती. बेंगळुरूची हवा पोरीला सोसत नाही, असं म्हणत आईने तिला कायमचं आजोळी पाठवायचं ठरवलं होतं. गाडी रविवारची! शाळा, मैत्रिणी, सगळंच सुटणार.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शालन आणि तिचा भाऊ योगीराज धावत आले. त्यांची आई निपाणीची. उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे! यंदा गच्चीवर सौर पॅनेल बसली, जागा उरली नाही, म्हणून निम्म्या पापड्या सुखदाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत होत्या.

"हे बघ!" योगीराजने ताट पुढे केलं. "गच्चीवरच्या पांढऱ्याशुभ्र. तुमच्या गॅलरीतल्या काळ्या ठिपक्यांच्या!"

"रस्त्याची धूळ रे," जिन्यातून जाणारे सेक्रेटरी शरच्चंद्रकाका म्हणाले. "आपल्याकडे आता सौर वीज आहे. धूर येईल कुठून?"

"धुळीला बरा तिसऱ्याच मजल्याचा पत्ता सापडला!" शालन फणकारली.

अकरा वाजता वीज गेली. खाली जनरेटर धडधडू लागला. तिघांनी गच्ची गाठली आणि कठड्यावरून खाली पाहिलं. जनरेटरचं धुराडं पूर्वी गच्चीच्याही वर जायचं. आता ते थेट सुखदाच्या गॅलरीशी संपत होतं आणि भकाभका काळा धूर ओकत होतं!

शालन खाली धावली. जनरेटर सांभाळणाऱ्या नागराजला तिने कानडीतून विचारलं, "अण्णा, धुराडं कुणी कापलं?"

"सेक्रेटरींनी कापायला लावलं," तो म्हणाला. "पॅनेलवर सावली पडत होती ना! पाडव्याच्या आधीच कापलं."

शनिवारी सोसायटीची सभा भरली. शालनने काळ्या ठिपक्यांच्या पापड्या तळून काकांपुढे ठेवल्या.

"घ्या ना काका! धूळच आहे, स्वल्प, थोडंसं खाऊन बघा!"

काकांचा हात मागे सरला. "छे! ही घाण कोण खाईल?"

"तुम्हाला खाववत नाही, तेच मी रोज श्वासातून ओढते!" सुखदा उभी राहिली. "पॅनेलवर सावली नको, म्हणून धूर माझ्या घरात सोडलात! ही तुमची स्वच्छ वीज?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "पण वीज गेली की पॅनेलही बंद पडतात. मग लिफ्ट..."

"पॅनेलना बॅटरी जोडा!" योगीराज ओरडला. "तोवर जिने चढा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जनरेटरला त्याच दिवशी कुलूप लागलं. "शाबास पोरांनो! चूक माझीच," काका म्हणाले. सुखदाच्या आईने डोळे पुसले आणि तिकीट रद्द केलं.

रविवारी वीज गेली, तेव्हा सुखदा दारातच उभी होती. पाचव्या मजल्यावर निघालेले काका तिसऱ्यावर धापा टाकत थांबले. सुखदाने त्यांना पाणी दिलं.

"धाप लागली ना काका? मला महिनाभर अशीच लागत होती!"