ताटातली गोळी

फोन आला तेव्हा सुवर्णा सिस्टर लसीकरणाच्या यादीत डोकं घालून बसली होती.

"सिस्टर, तुमच्या गावच्या नारायणरावांचा हृदयातला स्टेंट गुठळीनं बंद पडलाय," डॉ. देवानंद घाईत होते. "रक्त पातळ करायची गोळी ते रोज घेत होते का? घेत असतील, तर ती त्यांच्यावर चालत नाही. मग जहाल औषध द्यावं लागेल, आणि त्यात रक्तस्रावाची भीती. घेत नसतील, तर तीच पुन्हा सुरू करतो. घरचे म्हणतात, एक दिवस चुकला नाही. मला खरं काय ते तासाभरात सांगा."

सुवर्णा यादी तशीच टाकून उठली. तीन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवून नारायणराव घरी आले, तेव्हा गोळ्या कशा द्यायच्या ते तिनंच समजावलं होतं. आता त्यांचं काही बरंवाईट झालं, तर ती स्वतःला काय तोंड दाखवणार होती?

नारायणरावांच्या घरी वेगळाच तमाशा चालला होता. दवाखान्यात चुलतभावाला बसवून मुलगा अविनाश कागद न्यायला आला होता, आणि दारात बायको दीपमालाची बॅग फेकून ओरडत होता.

"माह्या बापाच्या जिवावर उठली तू! जाय माहेरी!"

दीपमालानं डबा आणून सिस्टरसमोर उपडा केला. त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, तारखा टाकून जपलेली. सुवर्णानं मोजली. एक गोळी इकडची तिकडे नव्हती.

"गोळी कोण द्यायचं?"

"मीच. दुपारच्या ताटात, चटणीजवळ ठेवतो."

"गिळताना पाहिलंस?"

दीपमाला अडखळली. "मामाजीसमोर कसं उभं राहावं? ताट ठेवलं का मी आत येतो. गोळी जेवणाच्या शेवटी घेतो मनत ते."

"मग ताट कोण उचलतं?"

"आत्याबाई त्याच ताटात जेवतात ना. लग्नापासून तसंच हाय त्याईचं."

सुवर्णा अविनाशकडे वळली. "बाबा गोळीला कंटाळले होते का?"

"उलट! इथल्या मेडिकलात नव्हती तं मले भर उन्हात मेहकरले पाठवलं. एक दिवस चुकली नाई पाह्यजे मने. गोळ्याच डुप्लिकेट असतीन, सिस्टर."

पण त्याच दुकानाच्या गोळ्या गावातले आणखी चौघं घेत होते, आणि त्यांना काही झालं नव्हतं. गोळीसाठी एवढा जीव टाकणारा माणूस ती फेकूनही देणार नाही. मग ती जात होती कुठे? अर्धा तास संपला होता. तिकडे नारायणरावांचा एकेक श्वास खर्ची पडत होता.

भिंतीशी आत्याबाई, म्हणजे नारायणरावांच्या पत्नी सुभद्राबाई बसल्या होत्या. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. सुवर्णानं पाण्याचा तांब्या पुढे केला. तो घेताना त्यांचा पदर सरकला. कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे डाग होते.

"काकू, हे काय?"

"हंडा लागला असंन."

"दोन्ही हातांना?"

"मले काय होते वं? त्याईचं पाह्य." त्यांनी चूळ भरून अंगणात टाकली. पाणी लालसर होतं.

"हिरड्यांतून रक्त येतं? कधीपासून?"

"झाले असतीन दोन-अडीच महिने."

सुवर्णानं पाकिटांचा डबा बाजूला सारला. एवढं समोर होतं, आणि आपण पाकिटं मोजत बसलो! तिला स्वतःचाच राग आला.

"अविनाश, बॅग आत ने. चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस तू. दीपमालानं गोळी रोज दिली, आणि ती रोज पोटातच गेली. पण नारायणरावांच्या नाही, काकूंच्या. असे डाग पडणं, हिरड्यांतून रक्त येणं, हे रक्त पातळ झाल्यावर होतं. काकू, ताटात ते तुमच्यासाठी काय ठेवत होते?"

सुभद्राबाईंनी पदर हातांवर ओढून घेतला.

"चतकोर भाकर. तिच्याखाली गोळी. मने, डाक्टरनं तुह्यासाठी बी देल्ली, माही मी घेतली, हे तुही. सुनंले सांगू नको."

"का दिली? छातीत दुखत होतं?"

"कापूस येचताना कळ आली व्हती. दोनदा. त्याईनं पाह्यलं. लय मागं लागले दवाखान्यात चाल मनून. मीच नाई गेलो."

"ही चोरी नारायणरावांनीच केली," सुवर्णा म्हणाली. "स्वतःच्या औषधाची. आपल्याला आली तशीच कळ हिला आली, मग आपल्याला वाचवणारी गोळी हिलाही वाचवेल. काकू दवाखान्यात जात नाहीत, आणि ताटातलं टाकत नाहीत. दोन्ही त्यांना पाठ होतं. एका शब्दानं डॉक्टरांना विचारलं असतं, तर दोघांनाही औषध मिळालं असतं."

अविनाशनं बॅग उचलली, पण बायकोकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

सुवर्णानं फोन लावला. "डॉक्टर, घेत नव्हते. बायकोला देत होते."

"तीच सुरू करतो. आजची रात्र निघाली पाहिजे. आणि बाईंना आणा, आत्ताच."

"मी नाई येत," सुभद्राबाई किंचाळल्या. "नवऱ्याचं आयुष्य गिळलं म्या! आता मले कायले जगवता?"

दीपमाला पहिल्यांदाच सासूवर ओरडली. "त्याईनं जीव धोक्यात काऊन टाकला मंग? तुमी घरात मरावं मनून? उठा!"

तिनं दंडाला धरून त्यांना उठवलं. जीप मेहकरच्या दवाखान्याकडे निघाली. अविनाश समोर बसून पुन्हा पुन्हा फोन लावत होता, तिकडून कोणी उचलत नव्हतं. सुभद्राबाईंनी सुनेचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला.

"दीपे, इथं दुखते वं. लय दुखते."