ऊब ओळखणारा कॅमेरा

कॅमेरा बांधा की, माझं काही म्हणणं नाही. सफरचंदं टाका, मीठ ठेवा, ती गोड वासाची भुकटी आणलीत ती पण पेरा. फक्त ओढ्यापलीकडे पाइनचा तो जुना ओंडका आडवा पडलाय ना, तिथं नको. त्याच्या समोर नको, मागं नको, आसपाससुद्धा नको.

"पण व्हर्नकाका, एल्क हरणांचे सगळ्यात जास्त खूर तर तिथंच उमटलेत," मार्ली म्हणते. आणि हा ट्रेव्ह हसतोय. हस बाबा. आधी शेगडीत दोन लाकडं सार आणि मग हस.

डेल्मर स्ट्राउडला तुम्ही पाहिलंय. माझा शेजारी, डाव्या हाताने हात मिळवतो तो. तुम्हाला वाटलं असेल डावखुरा आहे. नाही. उजव्या हाताची बोटं गेलीत त्याची. का गेली ते सांगतो, कारण मी तिथं होतो, आणि तुम्हाला दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एक कुंपण तेवढं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच्या अंगणावर उघडते. तुमची रोडाकाकू म्हणते, घर घेताना ह्याने खोल्या बघितल्या नाहीत, खिडकीतून काय दिसतं ते बघितलं. असेल.

तर त्या सप्टेंबरात एका सकाळी मी टायर बदलायला गावात निघालो होतो. डेल्मर कुंपणाशी आला.

"व्हर्न, येताना पॅकिंगच्या शेडवरून टाकाऊ सफरचंदांचं एक पोतं आण. आणि पेंडीच्या दुकानातून मिठाची एक चाटण वीट."

"गाय पाळतोयस की काय म्हाताऱ्या?"

"एल्कना टाकायचंय."

"बंदूक तर विकलीस ना तू?"

"विकलीच. नुसते फोटो काढायचेत."

"मग मोठ्या शिंगांचा कुणी आला तर कळव. तू फोटो काढ, बाकीचं मी बघतो."

एरवी यावर चार शिव्या घातल्या असत्या त्याने. त्या दिवशी नाही. मग म्हणाला, "सफरचंदं लाल बघून आण. तिला लाल आवडायची."

मी गाडीत बसलो.

ती म्हणजे कॅली. त्याची मुलगी. नऊ वर्षांची होती. बापलेकीचा एकच खेळ, तो कॅमेरा. ओंडक्यापुढं सफरचंदांचा ढीग लावायचा, समोरच्या झाडाला पट्ट्याने कॅमेरा आवळायचा, आणि रविवारी कार्ड काढून घरी आणायचं. मग दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक फोटो बघणार. "ही लंगडी. ही कानफाटी. बाबा, ह्या म्हशीने सगळं एकटीने खाल्लं बघ!" असा आरडाओरडा माझ्या घरापर्यंत यायचा. ढीग लावताना पोरगी प्रत्येक सफरचंदाचा एक लहानसा चावा घ्यायची. मी विचारलं होतं एकदा, हे गं काय? तर मलाच वेड्यात काढलं. "व्हर्नकाका, आधी कुणी खाल्लेलं दिसलं नाही तर त्यांना भीती नाही का वाटणार?"

आणि कोटाची बटणं. कधी म्हणजे कधी नीट लावली नाहीत. काजाचं एक घर चुकायचंच. वरचं घर रिकामं, खालचं बटण लोंबतंय. डेल्मर म्हणायचा, "कॅली, ते शेवटचं बटण अनाथ झालं बघ." तो वाकून सोडायला गेला की त्याच्या हातावर चापट. "मी लावणार! तू नाही!" आणि पुन्हा तशीच लावायची, एक घर चुकवून.

त्या सप्टेंबराच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दुपार होती. डेल्मर गाडीखाली आडवा, हात तेलाने माखलेले. कॅलीने दारातून विचारलं, "बाबा, कार्ड घेऊन येऊ?" हा गाडीखालूनच म्हणाला, "जा, पळत जा, पळत ये." दहा मिनिटांचं काम. पोरगी पळाली, कोट खुंटीवरच राहिला. आणि आपल्या खोऱ्यात बर्फाचं वादळ कसं उतरतं ते तुम्हाला माहीत आहे. डोंगर पुसला जातो, मग झाडं, मग आपलाच हात दिसेनासा होतो. गावातला प्रत्येक माणूस शोधायला होता. मीही होतो. सकाळी सापडली, त्या ओंडक्याला टेकून बसलेली. मुठीत कार्ड होतं.

मार्ली, रडू नकोस गं. नाहीतर मला पुढचं सांगता यायचं नाही.

तर मी पोतं आणून दिलं. वीट दिली. पुढं महिनाभर हा रोज तिकडं. आणि सगळं अगदी शास्त्रानं. रबरी बूट, हातमोजे, म्हणजे माणसाचा वास राहायला नको. वारा बघून जायचा, ढीग लावताना कॅमेरा बंद ठेवायचा. ऑक्टोबरात एका संध्याकाळी मला हाक मारली. टेबलावर एक सफरचंद ठेवलेलं, लाल. त्याला एक चावा.

"बघ."

"बघितलं. एल्कने चावलंय."

"एल्कला वरचे पुढचे दात असतात का व्हर्न?"

नसतात. एल्क काय, कुठल्याच हरणाला नसतात, ते रगडून तोडतात. ह्या चाव्याला वर दात आणि खाली दात, लहान लहान, स्वच्छ.

"अस्वल असेल," मी म्हणालो.

"अस्वल एक चावा घेऊन ठेवून देतं?"

"मग रॅकून. नाहीतर कुणाचं तरी कार्टं."

मोरीपाशी नोरीन, त्याची बायको, पाठमोरी भांडी घासत होती. एकच ताट घासत होती मघापासून. ती न वळता म्हणाली, "तिथं कुणाचं कार्टं जातं व्हर्न?"

मी म्हणालो, मग झालं तर, कॅमेरा आहे ना समोर? बघा की त्यात कोण आलं ते.

तेव्हा डेल्मरने मला समजावलं. अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला समजावतात तसं. "हा कॅमेरा नुसता बघत नाही. तो ऊब ओळखतो. समोर काही गरम हललं की जागा होतो, फोटो काढतो. दगड गडगडला तरी ह्याला पत्ता लागत नाही." मग टेबलावरचं सफरचंद माझ्याकडे सरकवलं. "आणि ती थंड आहे, व्हर्न."

आता कळलं एल्क कशाला हवे होते? ते आले की कॅमेरा जागा होणार. जागा झाला की फोटो निघणार. आणि त्यांच्या मागं, बाजूला, कुठंतरी कोपऱ्यात... दिसली तर दिसली. तेवढ्यासाठी हा माणूस मीठ वाहत होता, सफरचंदं वाहत होता, मळीत कालवलेले ओट वाहत होता. एकदा बघायचं होतं त्याला. कोट घातलाय का कुणी तिला, एवढंच बघायचं होतं.

एल्क आले. खूप आले. मी पाहिलेत ते फोटो, खोटं कशाला बोलू. त्यांच्या टेबलाशी बसून पाहिलेत. कळपचे कळप, पण ओंडक्याची एक बाजू मोकळी सोडून उभे. एका फोटोत एक मादी मान लांबवून डोळे मिटून उभी, खाजवून घेताना गाय उभी राहते तशी. समोर कुणी नाही. दर रविवारी नोरीन दारात उभी राहायची.

"आली का?"

"नाही."

"बरं."

एवढंच बोलणं. मग ती वाढायला घ्यायची.

मग डिसेंबर लागला. बर्फ भरलं. कळप खाली उतरले, सरकार वैरण टाकतं तिकडं. ओंडक्यापुढची सफरचंदं दगडासारखी गोठली. खूर नाहीत, काही नाही. कार्ड रिकामं येऊ लागलं. एक फोटो नाही. डेल्मर दाढी करेना. नोरीनने विचारायचं सोडलं.

डिसेंबरची तेरा तारीख. शनिवार. पारा शून्याच्या पार खाली, वारा पडलेला. नऊ वाजून गेले होते. मी खिडकीशी होतो, हो, तिथंच होतो, आणि मला बॅटरीचा उजेड ओढ्याकडे जाताना दिसला. पोतं नाही, वीट नाही. हात मोकळे. अंगात त्याचा तो चौकड्यांचा लोकरीचा कोट.

मी नोरीनला फोन लावला. "कुठं निघालाय हा?"

"कॅमेऱ्याला ऊब हवी ना," ती म्हणाली. "म्हणाला, मी आहे की गरम."

"आणि तू जाऊ दिलंस?"

ती म्हणाली, "मलाही बघायचंय रे तिला."

मी बूट घालून बसून राहिलो. रोडाने कॉफी केली. अकरा वाजले. उजेड परत आला नाही. साडेअकराला नोरीनच दारात. डोक्याला काही नाही, पायात घरातल्या चपला. रोडाने तिला स्वतःचे बूट चढवले.

नोरीन आणि मी निघालो.

ओढा गोठलेला. चांदणं होतं. डेल्मरच्या पावलांचा एकच माग, जाताना उमटलेला. दुसरं काही नाही. खूर नाही. कुत्र्याचं पाऊलसुद्धा नाही.

मी हाक मारली.

काही नाही.

नोरीनने हाक मारली. पण डेल्मरला नाही. "कॅली..."



मग ओंडका दिसला. वर कुणी बसलेलं.

एक नाही. दोघं.

मी बॅटरी वर केली. एक डेल्मर. नुसत्या सदऱ्यावर. भुवया पांढऱ्या. डोळे मिटलेले. मान एका बाजूला कललेली. त्या बाजूला...

कोट.

त्याचा कोट. ओंडक्यावर बसलेला. ताठ. दोन्ही बाह्या पुढं मांडीवर घ्याव्यात तशा. बटणं लावलेली, आत कुणी नाही. गळ्यापाशी नुसता अंधार.

नोरीन ओरडली नाही. ती गेली आणि गुडघ्यांवर बसली. त्या कोटापुढं. हात लावला नाही. बसली नुसती...

"नोरीन, श्वास चालू आहे ह्याचा! नोरीन!"

मी डेल्मरला खांद्यावर टाकलं. कसा टाकला, देव जाणे. मी म्हणालो, कोट घाल ह्याच्या अंगावर. तिने मान हलवली. स्वतःच्या अंगातलं जाड जॅकेट काढून तिने त्याच्यावर टाकलं. आणि कोट उचलला. कसा, सांगू? काखेत मारून नाही. झोपलेलं पोर खांद्याशी घेतात ना, तसा. एक हात खाली, एक हात पाठीवर. ओढा ओलांडला. घर आलं.

डेल्मर जगला. बोटं गेली.

दोन दिवसांनी शेरीफचा माणूस कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन आला. भला होता. टेबलाशी बसून आम्ही कार्ड बघितलं. डेल्मर बसलाय. डेल्मर कुणाशी तरी बोलतोय. पुढच्यात उभा, कोट काढून हातात धरलाय, उघडून, लहान मुलाला घालायला धरतात तसा, आणि तेवढाच खाली. त्याच्या पुढच्यात तो गुडघ्यांवर आहे आणि तोंड वर आहे. त्या तोंडाविषयी मला विचारू नका. शेवटच्या फोटोत तो ओंडक्यावर आणि शेजारी कोट. मग थंडीने कॅमेऱ्याची बॅटरी मेली असावी.

ती नाही. एकाही फोटोत नाही. नोरीनने सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा बघितले. मग पुन्हा.

तो माणूस म्हणाला, "बाई, माणूस गारठून मरायला लागला की त्याला उकडतं. कपडे काढतो. आम्ही नेहमी बघतो असं. कोट गोठून ताठ झाला असेल."

"आणि बटणं?" नोरीन म्हणाली.

"लावली असतील त्यांनीच."

पण डॉक्टर मला स्वतः म्हणाला होता, मी विचारलंच होतं. ती बोटं तेव्हा लाकडाची झालेली. त्या बोटांनी काडी उचलली नसती.

इस्पितळात मी डेल्मरपाशी बसलो होतो. हाताला एवढं मोठं बँडेज. मी विचारायला नको होतं, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, डेल्मर, बटणं तू लावलीस?

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला अजिबात काही कळत नाही, अशा नजरेने.

"मी नुसता कोट धरला," तो म्हणाला. "बटणं ती लावू देते का कधी?"

त्यानंतर त्याने कॅमेरा सोडून आणला. एक सफरचंद टाकलं नाही तिकडं, वीट नाही, काही नाही. तरी खूर तिथंच का जास्त, ते मला विचारू नका.

उद्या सकाळी मी तुम्हाला त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे. नोरीन ॲपल-पाय भाजून खाऊ घालेल, पोटभर खा. दारामागं खुंटीवर तो चौकड्यांचा कोट दिसेल. ती त्याची धूळ झटकते, पण त्या रात्रीपासून तो उघडलेला नाही. हात लावू नका. नुसतं बघा.

गळ्याशी एक घर रिकामं आहे. आणि सगळ्यात खाली एक बटण लोंबतंय.