होझियांच्या बाजूची खुर्ची

व्हर्लीननं आजोबांच्या बंगल्याची दारं मोजून काढली. तिच्या ममाची, आर्डेलियाची, चाकांची खुर्ची आत न्यायची तर भिंती फोडाव्याच लागणार होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण व्हर्लीन ऐकणाऱ्यातली नव्हती. ममाला घरी आणायचं, मागच्या उन्हाच्या खोलीत तिचा पलंग टाकायचा आणि तिला पुन्हा बरी करायची, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

नकाशा काढायला ती आजोबांच्या टेबलाशी बसली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. आजोबा, होझिया टॉलिव्हर, वास्तुविशारद होते; लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी बड्या गोऱ्यांची घरं बांधली. पण काळ्या माणसाच्या शेजारी बसणं त्या गोऱ्यांना जड जाई. म्हणून होझिया समोर बसून उलटा नकाशा काढायला शिकले. गिऱ्हाइकाला तो सुलट दिसे. त्यांच्या बाजूला खुर्ची एकच असे. ते गेल्यापासून तिच्यात कुणी बसलं नव्हतं.

जेवून आली, तर नकाशातलं दार रुंद झालेलं. हवं तेवढंच. आपणच केलं असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. पण रबराचा चुरा टेबलाच्या पलीकडच्या काठाशी पडला होता.

ममा इस्पितळातून घरी आली. तात्पुरता पलंग बैठकीत टाकला. व्हर्लीननं दाराचं सांगताच ती हसली.

"तुझंच चुकलं असणार. डॅडी असते तर तुला परत शाळेत धाडलं असतं."

"ते शेजारी कुणालाच बसू देत नसत, ममा?"

ममाचं हसू मावळलं. "मी लहानपणी रोज मागे लागायचे. डॅडी म्हणायचे, आत्ता गिऱ्हाईक येईल बेबी, नंतर बस. ते नंतर काही आलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशातला पलंग पुसलेला होता.

व्हर्लीननं पेन्सिल दाबून पलंग पुन्हा काढला आणि पाणी प्यायला उठली.

परतली तेव्हा पलंग नव्हता. नकाशात जिथं हे टेबल होतं, तिथं होझियांच्या बाजूला दुसरी खुर्ची काढलेली होती.

"नाही," ती ओरडली. "मी ममाला नेऊ देणार नाही!"

ती खुर्ची पुसू लागली. रेघ हलेना.

बैठकीत पलंग करकरला. ती धावली.

ममा उशीला टेकून बसली होती. कित्येक महिन्यांत तिला स्वतःहून कूससुद्धा बदलता आली नव्हती.

"का गं ओरडतेस?" ती म्हणाली. "डॅडी म्हणाले, आता कुणी गिऱ्हाईक यायचं नाही."

आणि मांडीवरचा रबराचा चुरा तिनं हळूच झटकला.